भिंतीआड मन ढासळू लागलं तर : ठाणे-तळोजातल्या दीर्घ शिक्षेच्या बंद्यांच्या घरच्यांनी काय पाहायचं, काय लिहायचं

ज्यांचं माणूस ठाण्याच्या किंवा तळोजाच्या मध्यवर्ती कारागृहात सात वर्षं, दहा वर्षं, चौदा वर्षं आहे, त्या घरांसाठी हे लिहिलं आहे. वकील ठरलेला आहे, तारखा पाठ आहेत, मनीऑर्डर कशी करायची ते कुणाला विचारावं लागत नाही. पण मुलाकातीत समोर बसलेलं माणूस हळूहळू वेगळंच होत चाललं आहे आणि हे कुणाला सांगायचं ते कळत नाही, अशा वेळी काय करायचं ते पुढे आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की समजून घ्या. तुरुंगात आजार दिसतो तो आवाज करणाऱ्याचा. जो ओरडतो, भांडतो, डोकं आपटतो, त्याला डॉक्टरकडे नेलं जातं. जो गप्प होतो, अंथरुणात पडून राहतो, कुणाशी बोलत नाही, तो 'शांत बंदी' ठरतो आणि त्याच्याकडे कुणी वळून बघत नाही. लांबच्या शिक्षेत आजार बहुतेक वेळा असा गप्पच येतो. ठाणे कारागृहाची मान्य क्षमता 1,105 आणि तिथे तिच्या तिप्पटीहून जास्त बंदी राहिल्याच्या नोंदी आहेत. एवढ्या गर्दीत बराकीतल्या एकाचं जेवण कमी झालं हे वॉर्डरच्या लक्षात यावं अशी अपेक्षा धरता येत नाही. हा माणूस पूर्वी कसा होता हे ठाऊक असलेले डोळे फक्त तुमचे आहेत. म्हणून काम दोन भागांचं आहे : नीट बघायचं आणि बघितलेलं कागदावर आणायचं. तोंडी सांगितलेलं तिथे टिकत नाही. ड्युटी बदलते, अधिकारी बदलतो, बंदी दुसऱ्या कारागृहात बदलून जातो. कागद मात्र फाईलला लागतो.

लांबच्या शिक्षेत मनाला काय होतं

संध्याकाळी लवकर बराक बंद होते ती सकाळीच उघडते. रात्रभर दिवा चालू, शेजाऱ्याचं अंग अंगाला लागलेलं, कुणीतरी खोकतंय, कुणीतरी रडतंय. झोप तुटणं ही पहिली पायरी आणि पुढचं बरंच काही तिथूनच सुरू होतं. याच्या जोडीला निर्णयच नसलेलं आयुष्य. कधी उठायचं, कधी जेवायचं, कधी आंघोळ, सगळं घंटेवर. काही वर्षांनी माणूस स्वतःहून काही ठरवायचंच विसरतो. हा आजार नव्हे, तुरुंगाची सवय आहे. पण उदासीनता (डिप्रेशनचा आजार) तिच्या आडोशाला लपते, म्हणून दोन्हींतला फरक ओळखावा लागतो. सवय लागलेला माणूस कमी बोलतो, तरी मुलीच्या दहावीच्या निकालावर त्याचा चेहरा उजळतो. उदासीनतेत तोही उजळत नाही.

उदासीनतेखेरीज आणखी चार गोष्टी तिथे वारंवार आढळतात. छातीत धडधड, हातापायाला घाम, 'आता मरतो' असं वाटणं हा पॅनिकचा झटका. तपासणीत हृदय ठीक निघतं आणि लोक 'नाटक' म्हणतात. मारहाण किंवा गुन्ह्याचा प्रसंगच पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं, दचकून उठणं हा आघातानंतरचा ताण. कानात आवाज येणं, जेवणात काही मिसळलंय असा ठाम संशय, भिंतीशी बोलणं हा सायकोसिस. यात औषधाशिवाय मार्ग नाही. चौथी गोष्ट म्हाताऱ्या बंद्यांची : विसरणं, बराक न सापडणं, कपड्यात लघवी होणं. जन्मठेपेतली माणसं आत म्हातारी होतात, आणि डिमेन्शियाला शिस्तभंग समजलं जातं.

वयस्कर माणूस एक-दोन दिवसांतच असंबद्ध बोलू लागला तर तो मनाचा आजार धरू नका, आधी शरीर तपासायला सांगा. ताप, जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं, साखर खाली येणं, यातल्या कशानेही मेंदू गोंधळतो. जुलै 2020 मध्ये तळोजा कारागृहात असलेले कवी वरवरा राव यांचं फोनवरचं बोलणं असंबद्ध असल्याचं त्यांच्या घरच्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ते जाहीरपणे सांगितलं, मग त्यांना जे.जे. रुग्णालयात हलवलं गेलं आणि तिथे कोविडचं निदान झालं. पहिली खूण घरच्यांनी ओळखली, तीही फोनच्या आवाजावरून.

काही काळ जास्त जपायचे असतात. अटकेनंतरचे पहिले दिवस. दारू रोजची असेल तर बंद झाल्यापासून दुसऱ्या ते पाचव्या दिवशी भ्रम आणि झटके येऊ शकतात, आणि ते जिवावर बेततं. शिक्षा सुनावली तो आठवडा. उच्च न्यायालयात अपील फेटाळलं तो दिवस. रजेचा अर्ज नामंजूर होणं. आई-वडिलांचं निधन आणि अंत्यविधीला न पोचणं. बायकोची घटस्फोटाची नोटीस. गणपती आणि दिवाळी. दुसऱ्या कारागृहात बदली. आणि सुटकेआधीचे दोन-तीन महिने, कारण तेव्हा 'बाहेर आपलं कोण उरलंय' हा प्रश्न रोज समोर येतो. या तारखा कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि त्या आठवड्यातली मुलाकात चुकवू नका.

पायरी पहिली : मुलाकातीतली काही मिनिटं

काचेपलीकडून, इंटरकॉमवर, आजूबाजूला दहा घरं एकाच वेळी ओरडत असताना, हाती फार थोडी मिनिटं असतात. निम्मी वकिलाच्या निरोपात जातात. म्हणून आधी बघा, मग बोला. तो चालत येताना बघा : पाय ओढतो का, हात ताठ आहेत का. नखं आणि दाढी. शर्टाची कॉलर; मागच्या वेळचाच शर्ट तसाच मळलेला आहे का. गळ्याची हाडं वर आलीत का. मनगटावर, दंडावर नवे ओरखडे. डोळे तुमच्यावर टिकतात की काचेच्या कडेला फिरत राहतात. प्रश्नाला उत्तर लगेच येतं की मध्ये लांब गॅप पडते.

'कसा आहेस' याला उत्तर 'बरा आहे' हेच येणार. त्याऐवजी मोजता येईल असं विचारा. "काल रात्री डोळा किती वाजता लागला? मधे किती वेळा उठलास?" "आज सकाळी काय खाल्लंस? सगळं संपवलंस?" "या आठवड्यात कामावर किती दिवस गेलास?" "जेवायला कुणाबरोबर बसतोस?" पूर्वी ज्याच्याबरोबर बसायचा त्याचं नाव गळालं असेल तर का, ते विचारा.

कँटीनचा हिशेब हमखास विचारा, तो मनाबद्दल बरंच सांगून जातो. पाठवलेले पैसे महिनोन्महिने पडून राहत असतील, साबण आणि चहापत्तीही घेतली जात नसेल, तर माणसाने स्वतःकडे बघणं सोडलं आहे. उलट पैसे आठवड्यात संपत असतील आणि तरी अंगावर काही दिसत नसेल, तर कुणीतरी उकळतंय किंवा नशेच्या गोळ्यांचा नाद लागला आहे. दोन्हींत रागावून उपयोग नाही, नोंद करा.

आणि जो प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही, तो विचारा : "जगूच नये असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार मनात येतो, ही भीती खोटी आहे. बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो. 'हो' म्हणाला तर रडू आवरा, शपथा घालू नका. "कधीपासून? रोज येतं का? काही ठरवलं आहेस का?" एवढंच शांतपणे विचारा. 'ठरवलंय' हे उत्तर आलं, किंवा अचानक निरवानिरवीची भाषा आली, जसं की "माझं सामान अमक्याला द्या", "पुढच्या वेळी येऊ नका", तर खालची दुसरी पायरी लगेच. अनेक आठवडे खचलेला माणूस एकदम हलका, शांत वाटू लागला तर त्याचाही आनंद मानण्याआधी हाच प्रश्न विचारा.

गेटबाहेर आल्यावर घरी जायच्या आधी, बसस्टॉपवर किंवा रिक्षात, शंभर पानी वहीत चार ओळी लिहा : तारीख, काय दिसलं, काय म्हणाला, त्याचेच शब्द. 'डिप्रेशन वाटतं' असं लिहू नका. 'तीन आठवडे पहाटे 3 वाजता जाग येते म्हणाला, दोन मिनिटांत चार वेळा तोच प्रश्न विचारला' असं लिहा. पाच-सहा मुलाकातींच्या अशा नोंदी कुठल्याही डॉक्टरला नुसत्या निदानाच्या नावापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

मुलाकातीत आणि फोनवर केसबद्दल बोलू नका. तिथलं बोलणं खासगी नसतं.

पायरी दुसरी : आजच्या आज करायचं

जीव द्यायचं बोलणं, खाणंपिणं बंद, आवाज ऐकून कुणावर धावून जाणं, अचानक गोंधळ, फिट, अंग लाकडासारखं ताठ होऊन ताप, ही सगळी त्याच दिवसाची कामं आहेत. गेटबाहेर पडू नका. मुलाकात विभागातल्या तुरुंगाधिकाऱ्याला सांगा, अधीक्षकांच्या नावे अर्धं पान लिहा, आवक शिक्का घ्या, मगच निघा. अर्जात दोनच मागण्या ठेवा : आज वैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासणी, आणि त्याला एकटं न ठेवणं. दुसरी मागणी विसरू नका. अशा माणसाला सुरक्षेच्या नावाखाली कोठडीत एकटं टाकलं जातं, आणि एकटेपणाने धोका वाढतो. एकांतवास ही शिक्षा देण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे आणि तीही भारतीय न्याय संहितेच्या कलम 12 प्रमाणे एका वेळी 14 दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. बंद्यांना कसं वागवावं याचे संयुक्त राष्ट्रांचे 2015 चे मंडेला नियम तर एकांतवासाने ज्यांचा मानसिक आजार बळावेल अशांना तो देऊच नये असं सांगतात.

त्याच संध्याकाळी वकिलाला कळवा आणि मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी विधी सेवेच्या 15100 या क्रमांकावर फोन करा. काय बोलावं, पुढच्या वेळी कसं विचारावं हे समजत नसेल तर 14416 वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचे समुपदेशक मराठीत बोलतात. ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून मोफत सुरू आहे. तुमची स्वतःची झोप उडाली असेल तरीही हाच नंबर.

पायरी तिसरी : अर्ज

एका पानाच्या वर जाऊ नका. वाचणाऱ्याकडे वेळ नाही. मजकूर साधारण असा :

"प्रति, मा. अधीक्षक, ठाणे मध्यवर्ती कारागृह. विषय : बंदी क्रमांक ____, नाव ____, सर्कल/बराक ____ यांची मनोविकारतज्ज्ञांकडून तपासणी होण्याबाबत. महोदय, मी वरील बंद्याची पत्नी/आई/भाऊ असून दि. ____, ____ व ____ रोजीच्या मुलाखतीत खालील बदल दिसले : (1) ____ (2) ____ (3) ____. अटकेपूर्वी त्यांच्यावर ____ या रुग्णालयात ____ साली उपचार झाले असून कागदांच्या प्रती जोडल्या आहेत / पूर्वी असा त्रास नव्हता. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 चे कलम 18 व 103 अन्वये विनंती की, (अ) त्यांची मनोविकारतज्ज्ञांकडून तपासणी व्हावी, (आ) उपचार सुरू झाल्यास औषधांची नावे मला कळवावीत, (इ) केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती मिळावी."

कलम 18 म्हणजे मानसिक उपचार मिळण्याचा हक्क; 103 बद्दल चौथ्या पायरीत. कागदोपत्री शब्द 'मुलाखत' आहे, म्हणून अर्जात तोच. बंदी क्रमांक अचूक हवा. एकाच नावाचे तीन-चार बंदी असतात आणि अर्ज भलत्याच्याच फाईलला लागतो. गुन्ह्याबद्दल एक अक्षरही नको. 'वेडा झालाय', 'डोकं फिरलंय' असले शब्द नकोत, ते शब्द पुढे वर्षानुवर्षं त्याच्या फाईलमध्ये राहतात. आणि नसलेली लक्षणं तर मुळीच लिहू नका. सोंग उघडं पडलं की त्या माणसाच्या खऱ्या दुखण्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

तीन प्रती काढा. एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर तारखेसह आवक क्रमांक घ्या. शिक्का देत नसतील तर वाद न घालता तोच अर्ज पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. तिसरी प्रत विधी सेवा प्राधिकरणाला. इथे एक चूक फार घरांकडून होते. ठाणे कारागृह ठाणे जिल्ह्यात आहे, त्याचं प्राधिकरण ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात. तळोजा कारागृह मात्र खारघरला, पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचं म्हणून लोक ठाण्याला जातात आणि अर्ज आठवडाभर चुकीच्या टेबलावर पडून राहतो. तळोजासाठी पनवेलची तालुका विधी सेवा समिती किंवा अलिबागचं जिल्हा प्राधिकरण गाठा. कोठडीतल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असलं तरी, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प 1990 पासून मुंबई-ठाण्याच्या तुरुंगांत काम करतो. त्यांचे समाजकार्यकर्ते आत जाऊ शकतात, तुम्ही बराकीपर्यंत जाऊ शकत नाही, म्हणून त्यांनाही गाठा.

पंधरा दिवसांत उत्तर नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा : माझ्या अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली? जीविताशी संबंधित माहिती 48 तासांत द्यावी लागते, ही तरतूद कलम 7(1) मध्ये आहे. प्रकृती खरंच गंभीर असेल तरच तिचा उल्लेख करा.

पायरी चौथी : कलम 103 वापरायचं कसं

2017 च्या कायद्याचं कलम 103 हे फक्त मानसिक आजारी बंद्यांसाठी आहे आणि ते घरच्यांनी वाचायलाच हवं. त्यात म्हटलं आहे की अशा बंद्याला कारागृहाच्या वैद्यकीय विभागातल्या मनोविकार वॉर्डात हलवता येतं. तसा वॉर्ड नसेल तर मानसिक आरोग्य आढावा मंडळाच्या परवानगीने बाहेरच्या मनोरुग्णालयात. राज्यातल्या किमान एका कारागृहात मानसिक आरोग्य केंद्र सरकारने उभं करायचं आहे. आणि कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी मंडळाला लिहून द्यायचं असतं की आमच्याकडे मानसिक आजाराचा बंदी नाही.

घरच्यांची ताकद याच शेवटच्या तरतुदीत आहे. तुमचा शिक्क्याचा अर्ज कार्यालयात पडलेला असताना 'कुणीही नाही' असं लिहून देणं अवघड होतं. म्हणून अर्जाची एक प्रत मंडळालाही पाठवा. पत्ता विधी सेवा प्राधिकरणाकडून लिहून घ्या. मंडळ स्वतः कारागृहाला भेट देऊन विचारू शकतं की या माणसाला उपचारासाठी का हलवलं नाही.

आपल्या भागात बाहेरचं रुग्णालय म्हणजे मुख्यतः ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय, 1901 पासूनचं. 'मेंटल'ला पाठवणार म्हटलं की घरचे हादरतात, सही करू का विचारतात. दोन गोष्टी लक्षात ठेवा. तिथले दिवस शिक्षेत मोजले जातात, शिक्षा लांबत नाही. आणि दाखल झालेल्या बंद्याबद्दल रुग्णालयाने दर सहा महिन्यांनी अहवाल द्यायचा असतो, म्हणजे त्याला तिथे टाकून विसरून जाण्याची मुभा कुणाला नाही. ज्यांच्यावर गुन्हाच नाही अशा मनोरुग्णांनाही एकेकाळी 'सांभाळायला' म्हणून देशातल्या तुरुंगांत ठेवत. पत्रकार शीला बर्से यांच्या याचिकेवर 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं.

सगळ्यात जास्त अडतं ते पोलीस एस्कॉर्टपाशी. बाहेरच्या ओपीडीची तारीख मिळते, त्या दिवशी बंदोबस्त असतो, गार्ड मिळत नाही, तारीख जाते, आणि पुढची महिन्यानंतरची मिळते. त्या मधल्या काळात गोळ्याही संपतात. तारीख कळली की आठवडाभर आधी अधीक्षकांना स्मरणपत्र द्या. दोनदा चुकली तर वकिलाकरवी न्यायालयाकडूनच 'अमुक तारखेला हजर करा' असा आदेश मागा. कारागृहात मनोविकारतज्ज्ञ ठरलेल्या दिवशी येत असतील किंवा व्हिडिओवरून तपासत असतील तर तीही तपासणी चालते, थांबून राहू नका.

पायरी पाचवी : गोळ्या

औषध बंद्याच्या हातात देता येत नाही. जुनं प्रिस्क्रिप्शन वैद्यकीय अधिकाऱ्याकडे द्यायचं, त्यावर घटकद्रव्याचं नाव आणि मात्रा स्पष्ट असू दे, कारण ब्रँड वेगळा मिळतो. अटकेपूर्वी उपचार चालू होते अशा घरांनी जुनी फाईल, शेवटचं प्रिस्क्रिप्शन आणि कुठलं औषध सोसलं नव्हतं त्याची नोंद, हे तीन कागद कायम झेरॉक्स करून ठेवावेत. बदली होते तेव्हा माणूस पोचतो आणि वैद्यकीय कागद मागे राहतात. बदलीचं कळलं की नव्या कारागृहाला हाच संच त्याच आठवड्यात.

एस्सिटॅलोप्रामसारख्या उदासीनतेच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण उतरायला सहाही. 'आठ दिवस घेतली, काही फरक नाही' म्हणून सोडणारे फार. सायकोसिसवरच्या हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन यांनी अंग ताठ होणं, हात थरथरणं, एका जागी बसवत नसणं असे त्रास होतात. मुलाकातीला तो रोबोसारखा चालत आला तर हे आठवा आणि अर्जात लिहा, मात्रा कमी करता येते. त्यावर उतारा म्हणून देतात ती ट्रायहेक्सीफेनिडिल नशेसाठी विकली जाते, तशीच घबराट आणि झोपेसाठी देतात ती क्लोनाझेपामही. दुबळ्या बंद्याला गोळी गालात दाबून ठेवायला लावतात आणि नंतर काढून घेतात. असा संशय असेल तर नाव न घेता एवढंच मागा : गोळी समोर गिळवावी, तोंड तपासावं, किंवा सायकोसिसमध्ये फ्लुफेनाझिनसारखं दोन ते चार आठवड्यांनी द्यायचं इंजेक्शन योग्य आहे का ते तज्ज्ञाने पाहावं. क्लोनाझेपाम कुणी एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, ती हळूहळूच उतरवतात.

मनाच्या टोकाच्या चढउतारांवर (बायपोलर) देतात त्या लिथियमचं प्रकरण वेगळं. रक्तातली पातळी साधारण 0.6 ते 1.0 मध्ये ठेवावी लागते, आणि गुणकारी मात्रा व विषारी मात्रा यांत अंतर थोडं आहे. एप्रिल-मेच्या घामात, पत्र्याखालच्या किंवा गच्च भरलेल्या बराकीत पाणी कमी पडलं, जुलाब झाले, किंवा अंगदुखीवर आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅक घेतली की पातळी चढते : हात जोरात थरथरतात, बोबडं बोलणं, उलट्या, झोकांड्या. ही दारू प्यायल्यासारखी दिसणारी अवस्था आहे आणि त्यावर शिक्षा नको, त्याच दिवशी रक्त तपासणी हवी. लिथियमवर असलेल्याची पातळी, किडनी आणि थायरॉइड तीन ते सहा महिन्यांनी तपासतात का, हे विचारत राहा. सायकोसिसवरच्या क्लोझापिनवर असेल तर नियमित रक्तपेशींची मोजणी नसताना ते औषध चालू ठेवणं धोक्याचं.

पायरी सहावी : न्यायालयात या कागदांचं काय होतं

खटला चालू असेल आणि आरोपीला काय चाललंय हेच समजत नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 367 पासून पुढची प्रक्रिया लागू होते : आधी वैद्यकीय तपासणी, मग खटला पुढे ढकलायचा का आणि उपचार कुठे, याचा निर्णय. गुन्ह्याच्या वेळी मन ठिकाणावर नव्हतं, हा बचाव वेगळा, न्याय संहितेच्या कलम 22 चा. वकिलाला दोन्हींतला फरक स्पष्ट विचारा, कारण घरचे हे दोन्ही एकच समजतात. शिक्षेनंतर सुरू झालेल्या आजाराने दोष पुसला जात नाही. फाशीच्या शिक्षेत मात्र तो निर्णायक ठरू शकतो : 2014 च्या शत्रुघ्न चौहान निकालात आणि 2019 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका बंद्याच्या प्रकरणात, ज्याचं नाव न्यायालयाने मुद्दाम गुप्त ठेवलं, सर्वोच्च न्यायालयाने गंभीर मानसिक आजार पाहून फाशी रद्द केली.

जन्मठेपेत चौदा वर्षांनंतर मुदतपूर्व सुटकेचा प्रस्ताव जातो तेव्हा, तसंच संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजेच्या (पॅरोल) वेळी, वैद्यकीय अभिप्राय मागवला जातो. आजाराची नोंद झाली तर रजा जाईल या भीतीने घरं ती लपवतात. उपचार न झालेला माणूस आत एखाद्या भांडणात सापडतो, शिस्तभंगाची नोंद होते, आणि रजा जाते ती त्या नोंदीमुळे. 'उपचार नियमित, सहा महिने स्थिर' असं वैद्यकीय अधिकाऱ्याने लिहिलेलं रजेच्या अर्जासोबत जावं म्हणून महिनाभर आधी मागणी करा.

पायरी सातवी : सुटकेच्या आधी आणि नंतर

सुटकेच्या दोन महिने आधी तीन गोष्टी मागा : उपचारांचा सारांश, चालू औषधांची यादी, आणि हातात किमान दोन आठवड्यांच्या गोळ्या. गोळ्या संपल्या आणि ओपीडीची तारीख महिन्याने, या फटीत आजार उलटतो. ठाणे मनोरुग्णालयाची ओपीडी, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबईकरांना वाशीचं महापालिका रुग्णालय, यांपैकी घराजवळचं एक आधीच ठरवा आणि पहिल्या आठवड्यातच न्या.

बारा-चौदा वर्षांनी सुटणाऱ्याला आपलं शहर ओळखू येत नाही. खारघरमधून बेलापूर-पेंधर मेट्रो धावते, ती नोव्हेंबर 2023 पासूनची. चहाचे दहा रुपयेही मोबाईलवर दिले जातात. स्टेशनवरच्या गर्दीत त्याला घाम फुटेल, जिन्यात पाय अडखळेल. घरात तो पहाटे उठून अंथरूण चौकोनी घडी घालून बसेल, बाथरूमला जाऊ का असं विचारेल, दाराची कडी वाजली की दचकेल, दिवा बंद केला तर झोपणार नाही. यातल्या कशावरही हसू नका आणि रडूही नका. पहिले पंधरा दिवस दिवा चालू राहू द्या. नातेवाइकांची रीघ थांबवा, सत्यनारायणाची पूजा महिनाभराने घाला. रोज एकच छोटा निर्णय त्याच्यावर सोपवा : आज भाजी कोणती आणायची. पहिल्या दिवशी सोबत जा, चौथ्या दिवशी कोपऱ्यावर थांबा, दहाव्या दिवशी त्याला एकट्याला पिशवी घेऊन जाऊ द्या. उत्तर द्यायला वेळ लागला तर थांबा, त्याच्या वतीने बोलू नका.

दोन महिन्यांनंतरही झोप बसली नसेल, तो खोलीबाहेर येत नसेल, किंवा दारू सुरू झाली असेल, तर ओपीडीची पुढची तारीख येईपर्यंत वाट पाहू नका. तीच शंभर पानी वही घ्या, त्यात मुलाकातींच्या नोंदींखाली घरातल्या नोंदी लिहा आणि डॉक्टरांसमोर ती उघडून ठेवा.